अर्धवट रचलेल्या अणूंचा हिशेब

धुळ्याहून साक्रीकडे जाताना शेतांच्या मधूनच काळ्या दगडाच्या लांबलचक रांगा उभ्या दिसतात. नवख्या माणसाला तो एखाद्या गढीचा पडका तट वाटतो, तर आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या लेखी ती नांगर वळवण्याची जागा असते. भूशास्त्रज्ञ या रांगांना डाइक म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरत होता, त्या काळात जमिनीतल्या उभ्या भेगांमध्ये शिलारस शिरला, तिथेच थिजला आणि भोवतीचा खडक झिजून गेल्यावर त्याच्या भिंती उघड्या पडल्या. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद झालेली आहे आणि त्यांतली सर्वांत लांब भिंत साक्री, धुळे, पारोळा अशी सुमारे ७९ किलोमीटर जाते.

अशा भिंतीजवळ जाऊन भिंग लावून पाहिले, तर कडेच्या दगडात कण म्हणून काही दिसतच नाही. सगळा एकसारखा, काळा, घट्ट दगड. तिथून भिंतीच्या मध्याकडे सरकत गेले, की पांढुरक्या फेल्डस्पारच्या बारीक पट्ट्या दिसू लागतात आणि मधोमध त्या भिंगाशिवायही ओळखू येतात. कडेचा रस थंड खडकाला टेकलेला असल्याने त्याची उष्णता झपाट्याने गेली आणि स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही; मधल्या रसाला ती मिळाली. साजूक तूप पातेल्यात सावकाश निवले तर कणीदार होते आणि गरम असतानाच फ्रिजमध्ये ठेवले तर मऊ, गुळगुळीत थिजते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या भिंतीची कड आणि मध यांतला फरक निराळा समजावून सांगावा लागत नाही. (जळगावच्या मे महिन्यात तूप मुळात थिजतच नाही, हा भाग वेगळा.)

दगड किती वेळात थंड झाला हे ही भिंत सांगते. पण त्यातला पहिला कण कसा जमला, कोणते अणू आधी एकत्र आले, त्यांनी कोणती रचना धरली आणि ती टिकली का, याचा पुरावा तिच्यात राहत नाही. मी ज्या कामावर पोट भरतो ते नेमके या पहिल्या कणाचे आहे. सिरॅमिक पदार्थ वितळलेल्या किंवा काचेसारख्या अवस्थेतून स्फटिकरूप कसे होतात, याचे सिम्युलेशन मी संगणकावर करतो आणि गेल्या काही वर्षांत त्या कामात मशीन लर्निंगने मोठी उलथापालथ केली आहे. या उलथापालथीविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते त्यात यंत्राच्या वेगाचे कौतुक फार असते. वेग आहेच. पण ही पद्धत खरी ठरते की खोटी, हे यंत्राला शिकवताना कोणत्या रचना दाखवल्या यावर ठरते, आणि त्यांतही सुबक रचनांपेक्षा अर्धवट, मोडक्या, धड ना द्रव धड ना स्फटिक अशा रचनांवर अधिक ठरते, असे माझे मत झाले आहे.

आधी पहिल्या कणाची अडचण सांगायला हवी. वितळलेल्या रसात अणू सतत हलत असतात आणि त्यांतले काही योगायोगाने स्फटिकातल्यासारखे मांडले जातात. या छोट्या कणाच्या पोटातले अणू ऊर्जेच्या हिशेबाने फायद्यात असतात, कारण त्या तापमानाला स्फटिकच अधिक स्थिर असतो. पृष्ठभागावरचे अणू मात्र तोट्यात असतात, कारण त्यांचा एक हात स्फटिकात आणि दुसरा रसात असतो. कण लहान असतो तेव्हा पृष्ठभागाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे तोटा फायद्यावर मात करतो आणि कण पुन्हा रसात मिसळून जातो. असे असंख्य कण जमतात आणि विरतात. एखादा कण मात्र योगायोगाने एका ठरावीक आकारापलीकडे जातो, आणि तिथून पुढे वाढणे हेच त्याच्या फायद्याचे ठरते. याला आम्ही स्फटिकबीज म्हणतो. हा हिशेब एकोणिसाव्या शतकात गिब्ज यांनी मांडला आणि १९२६ मध्ये फोल्मर आणि वेबर यांनी त्यातून बीजे किती वेगाने जमतील याचा सिद्धान्त उभा केला. तो आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, आणि सिलिकेट काचांना त्याच्या साध्या रूपात लावला, तर येणारा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षा दहाच्या कितीतरी घातांकांनी कमी भरतो. दहापट, शंभरपट फरक असता तर प्रयोगाकडे बोट दाखवता आले असते. इथे तशी सोय नाही.

हा विषय मला सर्वांत जवळून दिसला तो एका दातांच्या दवाखान्यात. आईच्या दाढेला कॅप बसवायची होती. डॉक्टरांनी खणातून एक छोटा ठोकळा काढून तिच्या हातावर ठेवला. रंग निळसर जांभळा, दाताशी काडीचाही संबंध नसलेला. आई त्याच्याकडे संशयाने पाहू लागली, तेव्हा ते म्हणाले, "काकू, हा अजून कच्चा आहे. मशीनवर कापून आकार दिला, की भट्टीत घालतो. बाहेर येतो तो दाताच्या रंगाचा होऊनच."

आईचे माहेर अमळनेरकडचे. दवाखान्यातही ती अहिराणीतच बोलते. तिने विचारले, "मंग पहिलेच पक्का का नही करतस?"

"पक्का केला तर आमचं हत्यार झिजतं, काकू, आणि कापतानाच कडा तुटतात," डॉक्टर म्हणाले. आईचे समाधान झाले. मी मात्र तो ठोकळा हातात घेऊन बराच वेळ बसलो, कारण त्या दिवसांत माझ्या संगणकावर जे चालले होते ते याच पदार्थाचे होते.

तो ठोकळा लिथियम सिलिकेटच्या काचेचा असतो आणि त्यात स्फटिक अर्धेच घडवलेले असतात. या कच्च्या अवस्थेत त्याच्या आकारमानाचा सुमारे ४० टक्के भाग लिथियम मेटासिलिकेटच्या मायक्रोमीटरहून लहान स्फटिकांचा असतो आणि मजबुती सुमारे १३० मेगापास्कल असते, म्हणजे दवाखान्यातल्या छोट्या मशीनवर कापता येईल इतपत. मग सुमारे ८४० ते ८५० अंश सेल्सिअसला काही मिनिटे भाजले, की मेटासिलिकेट जाऊन त्या जागी लिथियम डायसिलिकेटचे सुईसारखे स्फटिक येतात, सुमारे दीड मायक्रोमीटर लांबीचे, एकमेकांत अडकलेले. त्यांचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास जातो आणि मजबुती ३६० मेगापास्कलपर्यंत पोहोचते, कारण पडलेली भेग सरळ जाऊ शकत नाही. तिला प्रत्येक सुईला वळसा घालावा लागतो. हे सगळे जमून यावे म्हणून काचेत थोडे फॉस्फरस पेंटॉक्साइड घातलेले असते. त्यामुळे पहिले बीज जमायला मदत होते.

काचेतून मुद्दाम स्फटिक काढण्याची ही विद्या अपघाताने सुरू झाली. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डॉनल्ड स्टूकी हे संशोधक १९५३ च्या सुमारास लिथियम सिलिकेटचीच एक काच भट्टीत तापवत होते. तापमान ६०० अंशांवर थांबायचे होते, ते ९०० च्या आसपास गेले. भट्टीत वितळलेला चिखल सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती; सापडली ती आकार न बिघडलेली पांढरी तबकडी. ती चिमट्यातून खाली पडली आणि फुटली नाही. त्या काचेत चांदीचे अतिसूक्ष्म कण होते आणि त्यांच्याभोवती स्फटिक जमले होते.

मेटासिलिकेट आधी आणि डायसिलिकेट नंतर, हा क्रम का? विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये असे निरीक्षण नोंदवले होते, की पदार्थ बहुधा थेट सर्वांत स्थिर रूपात जात नाही. आधी तो जवळच्या, कमी स्थिर रूपात जातो. निरीक्षण उत्तम, पण त्यात कारण नाही. कारण शोधायला अणूंच्या पातळीवर उतरावे लागते. सिलिकेटमध्ये प्रत्येक सिलिकॉनभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात, म्हणजे एक चतुष्फलक तयार होतो. मेटासिलिकेटमध्ये प्रत्येक चतुष्फलक आपले दोन कोपरे शेजाऱ्यांशी वाटून घेतो, म्हणून त्याच्या साखळ्या बनतात. डायसिलिकेटमध्ये तीन कोपरे वाटलेले असतात, म्हणून पत्रे बनतात आणि पत्र्यांच्या मध्ये लिथियम बसतो. वितळलेल्या रसात मात्र दोन, तीन, चार असे सगळ्याच प्रकारचे चतुष्फलक मिसळलेले असतात. लिथियम हलका आणि चपळ, तो पटकन जागा बदलतो. पण साखळीचा पत्रा व्हायचा तर सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधला बंध तुटून दुसरीकडे जुळावा लागतो, आणि तो बंध सहजासहजी तुटणारा नाही. स्फटिक जमण्याचा सगळा वेळ बहुतांशी या तुटण्या-जुळण्यात जातो.

हे संगणकावर पाहायचे म्हणजे काय करायचे, ते तत्त्वतः सोपे आहे. प्रत्येक अणूवर किती बल लागते ते काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित सरकवायचे, पुन्हा बल काढायचे. १९५७ मध्ये ऑल्डर आणि वेनराइट यांनी नुसत्या कठीण गोळ्यांचे असे सिम्युलेशन करून दाखवले, की गोळ्यांमध्ये कसलेही आकर्षण नसले तरी गर्दी पुरेशी झाली की ते शिस्तीत रचले जातात. १९६४ मध्ये हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी अमेरिकेत ८६४ अणूंच्या द्रवरूप आर्गॉनचे सिम्युलेशन केले. पुढे १९८० मध्ये त्यांनी आणि मिकेले पारिनेल्लो यांनी अणू ज्या चौकटीत ठेवलेले असतात त्या चौकटीलाच आकार बदलण्याची मोकळीक दिली. एका स्फटिकातून दुसऱ्यात होणारे संक्रमण संगणकावर पाहता येऊ लागले ते त्यामुळे. आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना रहमान यांचे नाव क्वचितच माहीत असते, याचे मला वाईट वाटते.

अडचण येते ती पावलांच्या संख्येत. अणू इतके वेगाने थरथरतात, की एक पाऊल एका फेमटोसेकंदाचेच ठेवावे लागते. एका सेकंदाचे दहा लाख भाग करून त्यांतल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत, इतका तो छोटा असतो. दवाखान्यातल्या भट्टीत तो ठोकळा दहा मिनिटे ठेवला, तर ती सहा लाख लाख कोटी पावले झाली. एखाद्या संगणकाने दर सेकंदाला दहा लाख पावले टाकली, जी हजारो अणूंसाठी कोणीही टाकत नाही, तरी त्या दहा मिनिटांना सुमारे १९ हजार वर्षे लागतील.

आणि हे झाले नुसते मोजणे. प्रत्येक पावलावर बल काढण्याची किंमत वेगळी. बल अचूक काढायचे तर इलेक्ट्रॉनांचा हिशेब करावा लागतो. त्यासाठी होहेनबर्ग, कोन आणि शॅम यांनी १९६४-६५ मध्ये घनता-फल सिद्धान्ताची पद्धत दिली आणि त्याबद्दल वॉल्टर कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण नेहमीच्या रूपात या पद्धतीत अणू दुप्पट केले, की काम साधारण आठपट वाढते. काही शे अणू आणि काही दहा-वीस पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद), इथेच तिची मजल संपते. लिथियम डायसिलिकेटच्या स्फटिकाच्या एका एककात ३६ अणू असतात. दोन नॅनोमीटर व्यासाचे छोटेसे बीज घेतले तरी त्यात साधारण पावणेचारशे अणू येतात. म्हणजे बीजानेच सगळी चौकट भरून गेली, आणि ज्या रसातून ते जमायचे त्या रसाला जागाच उरली नाही. दुसरा मार्ग जुना आणि स्वस्त होता: दोन अणूंमधल्या अंतरावरून बल सांगणारी साधी सूत्रे बसवायची. काचेची ढोबळ रचना या सूत्रांनी बरी येते. पण दोन प्रतिस्पर्धी स्फटिकांच्या ऊर्जेत जो बारीकसा फरक असतो, आणि ज्याच्यावर आधी कोण जमणार हे ठरते, तो या सूत्रांच्या हाती लागेलच असे नाही.

मशीन लर्निंग आले ते या दोन मार्गांच्या मध्ये. २००७ मध्ये यॉर्ग बेलर आणि पारिनेल्लो यांनी सुचवले, की पूर्ण पदार्थाची ऊर्जा एका झटक्यात शिकण्याचा प्रयत्न करू नये. ती प्रत्येक अणूच्या वाट्याच्या ऊर्जांची बेरीज मानावी आणि एका अणूचा वाटा त्याच्या आसपासच्या शेजाऱ्यांवरून, साधारण पाच-सहा अँगस्ट्रॉमच्या (म्हणजे अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपासच्या) परिघातल्या, न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमने, ओळखायला शिकावे. पदार्थ फिरवला, सरकवला किंवा एकाच जातीच्या दोन अणूंची अदलाबदल केली तरी उत्तर बदलता कामा नये, ही अट शेजाऱ्यांचे वर्णन करतानाच पाळलेली असते. काही शे अणूंच्या अचूक हिशेबावर असे नेटवर्क शिकले, की ते हजारो, लाखो अणूंना लावता येते, कारण त्याला पूर्ण पदार्थ कधी दिसतच नाही. दिसते ते प्रत्येक अणूचे शेजार. नंतरच्या काळात दिशांचे भान ठेवणारी नेटवर्क आली, ती बरीच कमी उदाहरणे दाखवूनही चांगली शिकतात. २०२० मध्ये एका चमूने दहा कोटी अणूंचे असे सिम्युलेशन महासंगणकावर चालवले आणि त्याला महासंगणकांवरच्या कामासाठी दिले जाणारे गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले.

आता अर्धवट रचनांकडे येतो. साखळीचा पत्रा होताना बंध कसा तुटतो? बंध आधी पूर्ण तुटला आणि मग नवा जुळला, असे सहसा होत नाही. दुसऱ्या चतुष्फलकाचा ऑक्सिजन जवळ येतो, क्षणभर सिलिकॉनभोवती चाराऐवजी पाच ऑक्सिजन होतात, आणि मग त्यांतला एक निघून जातो. कधी आलेलाच परत जातो, कधी जुना जातो. पाच ऑक्सिजनांचा हा सिलिकॉन सामान्य तापमानाच्या स्फटिकात सापडत नाही. काचेत फारच क्वचित. उष्ण रसात तो थोडा वेळ येतो आणि जातो. नेटवर्कला शिकवताना सुबक स्फटिक आणि थंड काच एवढेच दाखवले असेल, तर या रचनेची किंमत ते अंदाजाने ठरवते. अंदाज कमी पडला, तर बंध धडाधड तुटतात, रस पाण्यासारखा पातळ वागू लागतो आणि स्फटिक भलत्याच वेगाने जमतात. अंदाज जास्त झाला, तर सगळे जागच्या जागी अडकून पडते आणि पाहणाऱ्याला वाटते, की हा पदार्थ मुळी स्फटिक व्हायलाच तयार नाही. दोन्ही वेळी पडद्यावरचे चित्र अगदी विश्वासार्ह दिसते, आणि धोका तोच आहे. त्याहून ढळढळीत बिघाड परवडला: दोन ऑक्सिजन एकमेकांच्या इतके जवळ जातात, की नेटवर्कने तसे शेजार कधी पाहिलेलेच नसते, ते भलतेच बल सांगते आणि क्षणात सगळे अणू चौकटभर उधळतात. निदान अशा वेळी काहीतरी चुकले आहे हे लपत नाही.

म्हणून या कामाचा मोठा भाग रचना गोळा करण्यात जातो. आम्ही एकाच उदाहरणसंचावर, सुरुवात वेगवेगळी ठेवून, चार-पाच नेटवर्क शिकवतो आणि एक सिम्युलेशन चालवताना बाकीच्यांना त्याच रचनेवर मत विचारत राहतो. जिथे त्यांचे एकमत होते तिथे पुढे जायचे. जिथे एखाद्या अणूवरच्या बलाबद्दल त्यांच्यात फार मतभेद दिसतात ती रचना बाजूला काढायची, इलेक्ट्रॉनांचा महागडा हिशेब तेवढ्या रचनेपुरता करायचा, उत्तर उदाहरणसंचात घालायचे आणि सगळ्यांना पुन्हा शिकवायचे. फेरीमागून फेरी हे चालते. बाजूला निघणाऱ्या रचना उघडून पाहण्याची मला सवय लागली आहे आणि त्या जवळजवळ नेहमी त्याच जातीच्या निघतात: पाच ऑक्सिजनांचा सिलिकॉन, एका कडेने चिकटलेले दोन चतुष्फलक, स्फटिकाच्या सीमेवर अर्धे पत्र्यात आणि अर्धे रसात असलेले अणू. मात्र नेटवर्कच्या या समितीचे एकमत म्हणजे सत्य नव्हे. सगळ्यांनी सारखेच काही पाहिलेले नसेल, तर सगळे सारखेच चुकूही शकतात. त्यासाठी घनता, वितळण्याचे तापमान, न्यूट्रॉनच्या प्रयोगांतून मिळालेली अणूंमधली अंतरे यांच्याशी ताडून पाहणे सुटत नाही. आणि इलेक्ट्रॉनांच्या ज्या हिशेबाला आपण अचूक म्हणतो त्यातही काही गृहीतके असतात. नेटवर्क आपल्या गुरूपेक्षा शहाणे होत नाही.

अलीकडे बहुतेक सर्व मूलद्रव्यांवर एकदाच शिकवलेली तयार मॉडेल उपलब्ध झाली आहेत. ती उतरवून घ्या, पदार्थ द्या आणि सिम्युलेशन चालवा, अशी जाहिरात असते, आणि सुरुवातीला ती खरोखर उपयोगी पडतात. पण त्यांतली बरीचशी ज्या संग्रहांवर शिकलेली आहेत त्यांत प्रामुख्याने स्थिर किंवा स्थिर होऊ घातलेले स्फटिक असतात. परिणामी मूळ जागेपासून दूर गेलेल्या अणूंची ऊर्जा अशी मॉडेल पद्धतशीरपणे कमी सांगतात, असे तपासणीत दिसून आले आहे. म्हणजे पदार्थ त्यांना आहे त्यापेक्षा मऊ वाटतो. स्फटिकबीजाच्या प्रश्नात नेमकी हीच त्रुटी नडते. आपल्या पदार्थाच्या मोडक्या रचना दाखवून त्यांना पुन्हा शिकवावे लागते, आणि समाधानाची बाब अशी, की त्यासाठी फार उदाहरणे लागत नाहीत.

बल स्वस्त झाले तरी वाट पाहणे उरतेच. नेटवर्कच्या जोरावर आम्ही मायक्रोसेकंदाच्या आसपास पोहोचतो. भट्टी मिनिटांत मोजते. हे अंतर कापण्याचे दोन मार्ग मी वापरतो. पहिला सरळ आहे: बीजाची वाट न पाहता वेगवेगळ्या आकारांची तयार बीजे रसात ठेवायची आणि कोणत्या आकाराखालची विरतात व कोणत्या आकारावरची वाढतात हे पाहायचे. यातून ती निर्णायक मर्यादा मिळते आणि मर्यादेवरून वेगाचा अंदाज बांधता येतो. दुसरा मार्ग २००२ मध्ये लायो आणि पारिनेल्लो यांनी दिला. त्यात रस जिथे जिथे रेंगाळतो त्या अवस्थांवर थोडी थोडी कृत्रिम ऊर्जा टाकत जातात, म्हणजे तिथे थांबणे त्याला महाग पडते आणि तो नव्या रचनांकडे ढकलला जातो. मात्र 'रेंगाळणे' कशात मोजायचे हे आधी ठरवावे लागते, आणि इथे पुष्कळ अभ्यास फसतात असे मला वाटते. डायसिलिकेटच्या पत्र्यांशी साम्य किती, हेच माप धरले तर रस पत्र्यांकडेच ढकलला जाणार. मेटासिलिकेटची साखळी वाटेत येते की नाही, हे आपण विचारलेलेच नसते. म्हणून आता हे मापही नेटवर्ककडूनच काढून घेण्याकडे कल आहे. अणूंच्या शेजारांचे गट त्याने स्वतः पाडायचे, स्फटिकांची नावे आपण सांगायची नाहीत. असे गट पाडून पाहिले, की रसात साखळीसारखे तुकडे पत्र्यांच्या आधीच जमत आहेत का, हे मोकळ्या मनाने तपासता येते. फॉस्फरसचे अणू घातल्यावर त्यांच्या आसपास काय बदलते, हा त्यापुढचा प्रश्न, आणि चौथे मूलद्रव्य आले, की उदाहरणसंच पुन्हा जवळजवळ नव्याने जमवावा लागतो.

हे सगळे गणित जळगावात चालत नाही. ते दूरच्या शहरातल्या संगणकसमूहावर चालते आणि इथे, पंचेचाळीस अंशांच्या दुपारी लाइट गेलेली असतानाही, मी फक्त त्याच्या नोंदी वाचतो. आई कधीतरी डोकावते आणि विचारते, "इतला टाइम लागस?" लागतो. नॅनोमीटरच्या चौकटीतून मिळालेला बीजनिर्मितीचा वेग आणि स्फटिकवाढीचा वेग पुढे मायक्रोमीटरच्या पातळीवरच्या मोठ्या मॉडेलना द्यावा लागतो, आणि तिथे कुठे दीड मायक्रोमीटरच्या सुयांचा प्रश्न सुरू होतो. दवाखान्यातल्या भट्टीचे तापमान किती मिनिटांनी किती वाढवावे, हे आमच्या सिम्युलेशनवरून ठरवायची वेळ अजून आलेली नाही. ते कोष्टक आजही प्रयोगातूनच येते. जवळच्या शेजाऱ्यांवर भिस्त ठेवणारी नेटवर्क दूरवरचे विद्युत आकर्षण गाळतात, हीसुद्धा आयनांच्या पदार्थांत लहान उणीव नाही.

तरीही यापुढचे काम मी अधिक अवघड पदार्थाचे घेतले आहे. जळगावच्या सराफ बाजारात सोने वितळवायला जी मातीची मूस वापरतात, तिला १०६४ अंशांवरच्या सोन्याचा ताप सहन करावा लागतो, आणि भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रासारख्या ठिकाणच्या बॉयलरांच्या आतल्या विटांना वर्षानुवर्षे ताप सोसावा लागतो. अशा भाजलेल्या मातीला ताकद देणारा एक मुख्य स्फटिक म्हणजे म्युलाइट, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे ऑक्साइड तीनास दोन या प्रमाणात. त्याचा कच्चा माल केओलिन, म्हणजे चिनी माती. ती तापवली, की ५५० अंशांच्या आसपास तिच्या रचनेतले पाणी निघून जाते, सुमारे ९८० अंशांना अचानक उष्णता बाहेर पडते आणि ११०० च्या पुढे म्युलाइटच्या सुया स्पष्ट दिसू लागतात. ९८० अंशांना नेमके काय जमते, स्पिनेल या खनिजासारखी रचना की म्युलाइटचीच सुरुवात, यावर दशकानुदशके वाद झाला आहे. म्युलाइटमध्ये ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन काही जागा वाटून घेतात आणि काही ऑक्सिजन मुळात गायबच असतात, त्यामुळे त्याचा 'सुबक' नमुनासुद्धा एक नसतो; एकाच सूत्राच्या असंख्य मांडण्या तपासाव्या लागतात.

सध्या मी पाणी निघून गेलेल्या त्या मातीच्या रचना जमवतो आहे. तिच्यात ॲल्युमिनियमभोवती कुठे चार, कुठे पाच, कुठे सहा ऑक्सिजन असतात, हे प्रयोगांतून माहीत आहे. पण तयार संग्रहांत अशा रचना शोधायला गेले तर हाती काही लागत नाही, म्हणून केओलिनच्या स्फटिकातून संगणकावरच पाणी काढून, तापवून, निववून त्या बनवाव्या लागतात. पहिल्या फेरीत नेटवर्कचे मतभेद सर्वांत जास्त झाले ते पाच ऑक्सिजनांच्या ॲल्युमिनियमवर. पुढच्या हिशेबासाठी आधी त्याच रचना पाठवल्या आहेत.